चूळ

तोंडात औषध धरलं की माणूस आपोआप गप्प होतो. हिरडीची छोटी शस्त्रक्रिया झाली तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: दहा मिली, सकाळ-संध्याकाळ, एक मिनिट तोंडात खेळवून थुंकणे, वर लगेच पाणी नको, अर्धा तास खाणंपिणं नको, टाके निघेपर्यंत त्या बाजूला ब्रश लावायचा नाही. रात्री घरात निजानीज झाली की मी बेसिनपाशी जायचे. बाटलीच्या झाकणातच मापाची रेघ असते. तिथपर्यंत गुलाबी औषध ओतायचं आणि एकदम तोंडात घ्यायचं. आधी पुदिन्याचा गारवा येतो, त्याच्या मागून कडवटपणा चढतो आणि मग गालांच्या आतल्या बाजूला बारीक चुरचुर सुरू होते. या गालातून त्या गालात, दातांच्या फटींतून पुढे आणि पुन्हा मागे. कुणी हाक मारली तर नुसतं "हं" म्हणता येतं, तेही नाकातून.

एरवी तोंड सतत कुठल्या ना कुठल्या कामात असतं. खाणं, बोलणं, चहा पिणं, जपाचं पुटपुटणं, सुईच्या दोऱ्याचं टोक ओलं करणं. त्या एका मिनिटात त्याला यातलं काहीच करता येत नाही आणि लक्ष तोंडाच्या आत जातं. टाक्याची गाठ कुठे आहे, कोणत्या दाढेला कड आहे, हिरडी कुठे ठणकते, हे सगळं जीभ एकेक करून तपासत राहते. इतकी वर्षं ज्या तोंडाने जेवले-बोलले, त्याच्या आतल्या बाजूची ओळख मला या निमित्ताने होत गेली.

औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत आमटी अळणी लागायला लागली. घरातले म्हणत, मीठ बरोबर आहे. मग चिठ्ठीवरचं नाव नीट वाचलं: क्लोरहेक्सिडीन. हे औषध घेणाऱ्या बऱ्याच जणांची मिठाची चव काही काळ बोथट होते. गोड कळतं, आंबट कळतं, मीठ मात्र लांबून आल्यासारखं वाटतं. चहा पिणाऱ्यांच्या दातांवर तपकिरी डागही धरतात. दोन्हींचं कारण एकच. हे औषध तोंडाला धरून बसतं. थुंकून टाकल्यावरही त्याचा अंश दातांना आणि गालांच्या आतल्या अस्तराला चिकटून राहतो आणि कित्येक तास थोडा थोडा सुटत राहतो. म्हणून दोन वेळा पुरे होतं, आणि म्हणूनच वर पाणी प्यायचं नसतं. साध्या पाण्याची चूळ आली तशी जाते. ही चूळ मागे राहते, तिचं सगळं बळ त्या मागे राहण्यात आहे.

वाईला माझं आजोळ. कृष्णेच्या घाटापासून दोन बोळ आत घर. सुट्टीत तिथे पहाटे जाग यायची ती चुळांच्या आवाजाने. मागच्या मोरीत आजोबा तांब्या घेऊन बसत. आधी गालांतली खळखळ, मग मान मागे टाकून घशातली घरघर, आणि शेवटी लांब फेकलेलं पाणी. ते मोरीच्या कडेच्या अळवावर पडायचं आणि त्या रुंद पानांवर त्याचे थेंब न भिजवता घरंगळत. मामाची चूळ आखूड, घाईची. मावशी ओठ न उघडता कितीतरी वेळ पाणी आत फिरवायची. अंथरुणात पडल्या पडल्या मला कळायचं, आता कोण उठलंय. जेवणानंतर पुन्हा हाच सोहळा, कारण आंचवल्याशिवाय कुणी ओसरीवर येत नसे. काही खाल्लं की चूळ, आजारातून उठलं की चूळ, देवाचं फूल हातात घेण्याआधी चूळ. दात साफ करणं हा त्यातला एक भाग. त्या घरात चूळ भरणं म्हणजे आधीचं संपवून पुढच्याकडे वळणं होतं.

दात घासायला आजी गोवऱ्यांची राख चाळून त्यात मीठ मिसळून ठेवायची. शेजारच्या काकूंची मिसरी असे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दुपारची कामं उरकल्यावर पायरीवर बसून बोटाने हिरड्यांवर घोळवत राहायची. दात स्वच्छ होतात, दाढ दुखायची थांबते, असं त्या सांगत. दुखणं थांबायचं ते तंबाखूने हिरडी बधिर व्हायची म्हणून. ज्या बायका कधी पान-तंबाखू खात नाहीत असं घरात अभिमानाने सांगितलं जाई, त्यांनाही मिसरी सुटत नसे. त्या पायरीवरच्या बोटांनी किती तोंडं आतून खाल्ली असतील याचा विचार आला की आजही जीव कळवळतो. स्वच्छतेच्या नावाखाली घरात शिरलेल्या व्यसनाकडे कुणी व्यसन म्हणून पाहतच नाही.

आजोबा थंडीत तिळाचं तेल तोंडात धरत. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात या सगळ्याचा विधी दिला आहे. आत द्रव हलवायलाही जागा उरू नये इतकं तोंड भरलं तर तो गंडूष, आणि खेळवता येईल इतकं घेतलं तर कवल. तेल, दूध, मध घातलेलं पाणी, आंबवलेल्या कांज्या, रोगाप्रमाणे द्रव बदलतो. किती वेळ धरायचं तेही सांगितलंय: तोंड कफाने भरेपर्यंत, नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत. घटका-पळांचं माप न देता शरीराचीच खूण दिली, हे मला फार आवडतं. आजोबांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. त्यांच्या वडिलांना करताना पाहिलं, म्हणून ते करत. तेल धरून बसले की अंगणातल्या गड्याला बोटाने खुणा करून कामं सांगत, आणि तोही त्यांच्याकडे पाहून खुणांनीच उत्तर देई.

आजीच्या फडताळात, हिंगाच्या डबीमागे, अमृतधारेची चिंचोळी बाटली असे. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर. तिन्ही वस्तू घन, स्फटिकांसारख्या. एकत्र करून बूच लावून ठेवल्या की आपोआप वितळून पाणी होतं. थेंबभर पाणी न घालता पाणी कुठून आलं, हे मला कळत नसे आणि आजीलाही सांगता येत नसे. दाढ किडली असेल तर या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून खड्ड्यात दाबायचा. डोक्यात जाणारा तो झणझणीत वास. बऱ्याच वर्षांनी एका नातेवाइकाने परदेशातून आणलेल्या माउथवॉशची बाटली उघडली तर आत तोच वास होता, आणि क्षणभर आजीचं फडताळ उघडल्यासारखं झालं.

तो काही भास नव्हता. ओव्याच्या फुलाला रसायनशास्त्रात थायमॉल म्हणतात. पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थानातला ओवा जहाजांनी जर्मनीला जाई आणि तिथल्या कारखान्यांत त्यातून थायमॉल काढलं जाई. त्याच सुमाराची गोष्ट अमेरिकेतली, तिची सुरुवात मात्र ब्रिटनमधली. जोसेफ लिस्टर या शल्यविशारदाने १८६७ मध्ये लिहिलं, की कार्बोलिक आम्ल वापरलं तर जखमा सडत नाहीत. वैद्यकीय जग हळूहळू त्या दिशेला वळलं. १८७९ मध्ये सेंट लुईसमध्ये जोसेफ लॉरेन्स या डॉक्टरने थायमॉल, निलगिरीचा अर्क, मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट मद्यार्कात मिसळून एक द्रव केला आणि लिस्टरच्या नावावरून त्याचं नाव लिस्टरीन ठेवलं. तो शस्त्रक्रियेच्या खोलीसाठी होता, जखमा धुण्यासाठी. पुढे तो दंतवैद्यांकडे गेला आणि १९१४ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून दुकानात मिळू लागला. ओव्याच्या फुलाचा एक हात वाईच्या फडताळात आणि दुसरा सेंट लुईसच्या बाटलीत, हे कळल्यावर मला मनापासून आनंद झाला. दुखऱ्या दाढेवर काय लावावं याचं उत्तर शोधत माणसं वेगवेगळ्या वाटांनी एकाच बीपाशी आली होती.

त्यानंतरची गोष्ट मात्र मनाला लागते. १९२०च्या दशकात त्या बाटलीच्या जाहिरातींनी औषधाबरोबर भीतीही विकली. त्यातली सगळ्यात गाजलेली जाहिरात एका मुलीची होती. ती मैत्रिणींच्या लग्नांत पाठराखीण म्हणून मिरवते, तिचं स्वतःचं लग्न मात्र ठरत नाही. कारण तिच्या तोंडाला वास येतो आणि ते तिला कुणीच सांगत नाही. मराठी घरात वाढलेल्या कुठल्याही बाईला ती मुलगी लगेच ओळखू येईल. बघायला येणार म्हटलं की आतल्या खोलीत हातावर वेलदोडा ठेवणारी काकू आमच्याकडेही होती. त्या वेलदोड्यात माया होती, तरी मुलीने तोंड मिटूनच बोलावं ही शिकवणही त्यातच होती. तोंडाचा वास बहुतेक वेळा जिभेच्या मागच्या भागातून किंवा सुजलेल्या हिरड्यांतून येतो. तिथल्या हवा न पोचणाऱ्या जागी जिवाणू अन्नातली प्रथिनं मोडतात आणि गंधकाचे वायू सोडतात. त्यावर सुवासिक पाणी फिरवलं की काही तास निभतात. हिरडीतून रक्त येत असेल तर ते येतच राहतं. त्या मुलीला कुणीतरी जवळ घेऊन सांगायला हवं होतं, की बाई गं, तोंड उघड, बघू दे.

तोंड उघडून बघणाऱ्या माणसांत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो डेल्फ्टचा अंतोनी व्हान लेव्हेनहुक. हॉलंडमधल्या त्या शहरात त्याचं कापडाचं दुकान होतं. विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे नव्हती. फावल्या वेळात तो भिंगं घासायचा, इतकी चांगली की तशी त्या काळात कुणाकडे नव्हती. सप्टेंबर १६८३ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिलं. तो पन्नाशीला आला होता. पत्रात त्याने आधी स्वतःची सवय सांगितली आहे: रोज सकाळी मिठाने दात घासतो, पाण्याने चूळ भरतो, जेवणानंतर काडीने दाढा कोरतो, फडक्याने पुसतो. त्यामुळे त्याचे दात त्याच्या वयाच्या मानाने स्वच्छ होते. तरी दाढांच्या फटीत थोडा पांढरा लगदा साचायचा. तो काढून त्याने पावसाच्या स्वच्छ पाण्यात मिसळला, भिंगाखाली धरला, आणि त्यात जिवंत, हलणारे, गिरक्या घेणारे बारीक जीव दिसले. जिवाणूंचं जगातलं पहिलं वर्णन ज्या मोजक्या पानांवर आहे, त्यांत दातांच्या फटीतला हा लगदा आहे. मग त्याने आयुष्यात कधी तोंड न धुतलेल्या एका म्हाताऱ्याला गाठलं. त्याच्या दातांवर तर जिवांची जत्राच भरली होती.

पण मला थांबवून ठेवतो तो त्याचा पुढचा प्रयोग. त्याने कडक व्हिनेगर घेतलं, त्याने तोंड खळखळून धुतलं आणि पुन्हा लगदा काढून पाहिला. जीव तसेच हलत होते. मग लगद्यातच व्हिनेगर मिसळलं, तर ते लगेच मेले. त्याने अर्थ लावला: चुळेचं व्हिनेगर लगद्याच्या आतपर्यंत पोचत नाही, वरवरचे तेवढे मरतात. तोंडाच्या प्रत्येक औषधापुढे आजही तीच अडचण आहे, आणि ती पहिल्यांदा ओळखली एका कापडविक्याने, आपल्याच दाढेची घाण भिंगाखाली धरून. त्याला किळस आली नाही. आपल्या तोंडात आपल्या देशातल्या माणसांहून जास्त जीव राहतात, हे त्याने हरखून सांगितलं आहे.

दातांवरच्या त्या लगद्याला आता बायोफिल्म म्हणतात. नाव नवं आहे, पण वाईच्या मुलांना ती वस्तू नीट माहीत असते. घाटाच्या पाण्याखालच्या पायऱ्यांवर एक बुळबुळीत थर असतो. त्याच्यावरून कृष्णा रात्रंदिवस वाहते, पावसाळ्यात तर दगडांना हादरे देत वाहते, आणि तो थर जागचा हलत नाही. त्यातले जीव स्वतःभोवती चिकट आवरण विणतात आणि त्याच्या आत एकमेकांना धरून राहतात. आजी धुणं धुवायच्या आधी दगड नारळाच्या काथ्याने खरवडायची, तेव्हाच तो निघायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडा धरलेला असायचा आणि ती पुन्हा खरवडायची. कंटाळून बोललेली मला आठवत नाही.

१९६५ मध्ये डेन्मार्कच्या आऱ्हूस इथल्या दंत महाविद्यालयात हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला सांगितलं. त्यातले बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या लाल झाल्या, सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्यात त्या पूर्ववत झाल्या. हिरड्या म्हातारपणामुळे सैल होतात, नशिबाने जातात, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत तिथे डळमळली. ज्यांनी दात न घासता, दातांवर तो थर घेऊन वर्गात बसून दिवस काढले, त्या विद्यार्थ्यांबद्दल मला कृतज्ञता वाटते. १९७० मध्ये त्याच ल्यो यांनी शिओट या सहकाऱ्याबरोबर दुसरी गोष्ट दाखवली: घासणं बंद ठेवून दिवसातून दोनदा क्लोरहेक्सिडीनने चूळ भरली तर दातांवर थर धरतच नाही. माझ्या बेसिनवरच्या गुलाबी बाटलीचा उगम तिथला. मात्र हे ज्यांच्या बाबतीत घडलं त्यांचे दात आधी काळजीपूर्वक घासून, पुसून अगदी स्वच्छ केलेले होते. औषधाने नवा थर धरू दिला नाही. जुना, मुरलेला थर असता तर लेव्हेनहुकच्या व्हिनेगरचंच पुन्हा झालं असतं.

म्हणजे औषध राखण करू शकतं. आधी साफ करावं लागतं ते हातानेच. माझ्या टाक्यांच्या बाजूला ब्रश नेता येत नव्हता, तेवढ्या दिवसांपुरतं ते हाताच्या जागी उभं होतं.

हे मला खरं कळलं ते आईच्या आजारात. तिला पक्षाघात झाला आणि उजवी बाजू गेली. चेहऱ्याचीही. जेवण भरवून झाल्यावर तिच्या उजव्या गालात भाताची शितं, भाजीचा चोथा तासन्‌तास राहायचा आणि तिला कळायचंही नाही. आणि तिला चूळ भरता येईना. आंचवल्याशिवाय जी कधी पाटावरून उठली नाही, तिच्या तोंडात घोटभर पाणी दिलं की ते उजव्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळायचं. तेव्हा मी पहिल्यांदा लक्ष देऊन पाहिलं की चुळेला काय काय लागतं. ओठ घट्ट मिटावे लागतात, गालांनी जोर धरावा लागतो, जिभेचा मागचा भाग उचलून घशाचं दार बंद ठेवावं लागतं, त्यातच नाकाने श्वास चालू ठेवावा लागतो आणि मग हवं तेव्हा सगळं एका झटक्यात सोडावं लागतं. एवढ्या स्नायूंची एकजूट आपण सकाळी अर्धवट झोपेत करतो. आईची ती एकजूट मोडली होती.

रुग्णालयातल्या एका सिस्टरने मला शिकवलं. खाट वर करायची, मान एका कुशीला वळवायची. बोटाला गॉज गुंडाळून औषधात बुडवायचं आणि मग घट्ट पिळायचं, थेंब गळता कामा नये. "गळलं तर ते श्वासनळीत जातं," त्या म्हणाल्या, "तोंडातली घाण छातीत उतरते आणि न्यूमोनिया होतो. तोंड साफ ठेवलंत ना, तर छाती सांभाळलीत असं समजा." आधी गालाची खोबण, मग हिरड्या, दातांच्या आतली बाजू, टाळू, शेवटी जीभ, आणि तीही फार मागे जायचं नाही, उबळ येते. वरची कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची. ओठांना साजूक तूप.

पहिल्या दिवशी तिने दात आवळून धरले. "आई, आ कर गं," मी म्हणत होते आणि ती डोळे मिटून मान फिरवत होती. मला तिचं वागणं बरोबरच वाटलं. कुणाच्या तोंडात बोट घालणं ही किती आतली गोष्ट आहे. ती चेहऱ्यावरची पावडर लावतानासुद्धा दार लोटून घेणारी बाई. मी गॉज बाजूला ठेवलं आणि नुसता तिचा गाल बाहेरून चोळत बसले. बऱ्याच वेळाने जबडा सैल झाला. आत पाहिलं तर खालच्या बाजूला एका दाढेची जागा रिकामी, भरून गुळगुळीत झालेली. ती दाढ कधी काढली, कुणी काढली, तेव्हा तिच्याबरोबर कोण गेलं होतं, मला काहीच माहीत नव्हतं. विचारायची सोय नव्हती, कारण बोलणंही गेलं होतं. बोटाखाली ती जागा रोज यायची. हळूहळू तिला त्या पुसण्याची वाट पाहायची सवय लागली. गुलाबी औषधाची बाटली दिसली की ती डावीकडून थोडं तोंड उघडायची. पुढे मऊ ब्रश आला आणि औषध मागे पडलं. वाचा-उपचार करणाऱ्या मुलीने तिला गाल फुगवून धरायचा व्यायाम दिला. काही महिन्यांनी एका सकाळी तिने घोट धरला, आत थोडा फिरवला आणि थुंकला. अर्धा पातेल्यात, अर्धा माझ्या हातावर. आम्ही दोघी हसलो, ती निम्म्या चेहऱ्याने.

अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णांची तोंडं वर्षानुवर्षं क्लोरहेक्सिडीननेच पुसली जात. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयीन संसर्गतज्ज्ञांच्या संस्थांनी नव्या मार्गदर्शनात सांगितलं की अशा रुग्णांचे दात रोज ब्रशने घासावेत आणि हे औषध त्यासाठी वापरू नये. ज्याला शुद्ध नाही, ज्याच्या तोंडात नळी आहे, त्याचेही दात घासायचे. एका अनोळखी माणसाच्या दातांवरून रोज ब्रश फिरवणाऱ्या सिस्टरांच्या त्या कामाला बिलात वेगळी ओळ नसते. नळ्या, यंत्रं, इंजेक्शनं यांच्या गर्दीत ते कुणाच्या नजरेतही येत नाही. मला ते मोठं काम वाटतं.

आणखी एका गोष्टीने मी या बाटलीकडे जपून पाहू लागले. आपल्या जिभेच्या मागच्या भागात राहणारे काही जिवाणू पालक, मुळ्याचा पाला, बीट यांतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात. ते लाळेबरोबर पोटात जातं आणि शरीर त्यातून रक्तवाहिन्या सैल ठेवणारा वायू तयार करतं. जंतुनाशकाच्या चुळा सारख्या भरत राहिलं तर हे कामही मंदावतं. आपल्या तोंडात सातशेहून अधिक जातींचे जिवाणू सापडले आहेत. त्यातले बरेचसे जन्मापासून हळूहळू येऊन वसलेले, कित्येक तर आईच्याच तोंडातून आलेले. सगळेच घालवायचे असं ठरवलं तर आपण कुणाला घालवतोय? डॉक्टरीणबाईंनी औषधापुढे दिवस लिहून दिले होते आणि त्यापलीकडे एक दिवसही नको म्हणून बजावलं होतं, ते किती शहाणपणाचं होतं हे मला नंतर उमगलं. घरोघरी बेसिनवर बारा महिने ठेवलेल्या रंगीत बाटल्या पाहिल्या की म्हणावंसं वाटतं, ज्याच्यासाठी ही लागते तो माणूस वेगळाच आहे.

तो माणूस मला टाके काढायला गेले तेव्हा दिसला. सरकारी दंत महाविद्यालयाचा बाह्यरुग्ण विभाग. लांबलचक बाकडी, हातात केसपेपर, पांढऱ्या कोटातली मुलंमुली. एका आजीबाईंची दाढ काढली होती आणि विद्यार्थी त्यांना मोठ्याने सांगत होता, "आज चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही. रक्ताची गुठळी धरलीय तिथे, ती निघाली की हाड उघडं पडतं. उद्यापासून कोमट पाणी-मीठ." आजीबाईंनी पदर तोंडावर दाबून मान हलवली. शेजारच्या खुर्चीत पंचविशीचा एक मुलगा होता. विद्यार्थिनी त्याला म्हणाली, "तीन बोटं उभी घालून दाखवा." त्याचं दीड बोटही जाईना. शाळेपासून गुटखा. आपल्या राज्यात २०१२ पासून त्यावर बंदी आहे, पुड्या मात्र त्याला कधी कमी पडल्या नव्हत्या. सुपारीने गालाचं आतलं अस्तर कडक होत जातं, दोरखंड आवळल्यासारखं, आणि तोंड उघडेनासं होतं. जेवताना तिखट लागलं तर आग, चपातीचा घास चपटा करून आत सारायचा. अशा तोंडात पुढे कर्करोगाची भीती असते, हे तिने त्याला आवाज खाली करून सांगितलं. तो तिच्याकडे न बघता ऐकत होता. मला तिथून उठून जावंसं वाटलं आणि उठवलंही नाही.

"मॅडम, गुळण्यांचं औषध द्या ना," तो दातांच्या फटीतून म्हणाला, "ब्रश आत जातच नाही, मग घासू कसं?"

"औषध देते, पण नुसत्या औषधाने नाही भागायचं," ती म्हणाली. तिने कपाटातून लाकडी पट्ट्यांची जुडी काढली. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये जितक्या मावतील तितक्या ठेवायच्या, रोज थोडा थोडा वेळ, आणि जमेल तशी एकेक वाढवत जायची. मग लहान मुलांचा ब्रश आणला, नखाएवढ्या डोक्याचा. त्याच्या हातात आरसा दिला, ब्रश आडवा करून गालाच्या कडेने कसा सरकवायचा ते मॉडेलवर दाखवलं आणि मग त्याच्याकडून करून घेतलं. पुढचे दात, सुळे, पहिली दाढ. घाम फुटला होता त्याला, पण तो करत होता. दोनदा ब्रश बाहेर काढून त्याने लाळ पुसली आणि पुन्हा आत घातला.

"मागच्या दाढेला हासुद्धा पोचत नाही," तो आरशातून तिच्याकडे बघत म्हणाला. "तिचं काय करू?"

तिने वाकून टॉर्च मारला, बराच वेळ आत पाहिलं. "थांबा, सरांना विचारून येते," म्हणाली आणि पट्ट्या त्याच्या हातात देऊन आतल्या खोलीकडे गेली.